एक जून सोडून

"काकू, एवढ्यात एकाच पायाचा वाळा होईल," सराफानं अगदी अदबीनं सांगितलं.

उत्तराबाईंना राग यायच्या ऐवजी हसूच आलं. फुलवाती वळून, विकून वर्षभर साठवलेल्या पैशांची पुरचुंडी त्यांनी पुन्हा कमरेला खोचली आणि परभणीहून पिंगळीची गाडी धरली. चांदी एवढी वर चढली असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"एका पायात वाळा घालून लेकरानं काय लंगडी खेळायची?" घरी आल्यावर माधवराव म्हणाले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचा वर्गातला खोचकपणा काही गेला नव्हता.

"हसू नका हो. आत्या हाय मी. रिकाम्या हातानं बारशाला जाऊ का?"

आत्या! हा शब्द उच्चारतानाही उत्तराबाईंना गोड वाटायचं. त्या आईबापांच्या एकुलत्या. भाऊ नाही, म्हणून भाचरंही नाहीत. पन्नाशी उलटली, पण आत्या म्हणून कुणी हाक मारली नव्हती.

ही आत्यापणाची माळ गळ्यात पडली ती मार्गशीर्षातल्या गुरुवारी. चारठाण्याकडचा बिरदेव दरसाल सोयाबीन निघालं की मेंढरं घेऊन खाली यायचा आणि त्यांच्या रानात कळप बसवायचा. लेंड्यांनी रान सुधारायचं, कळपाला मुक्काम मिळायचा. यंदा त्याची बायको दीपिका दिवसांतली होती. आठ दिवसांनी तिला माहेरी पोचवायचं ठरलेलं. पण लेकराला घाई.

शेतातल्या विहिरीवर आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना, तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हा उत्तराबाईंचा बारा वर्षांचा नेम. पाऊस असो, ताप असो, दिवा चुकला नाही. त्या दिवशी दिवा लावून वळतात तोच आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीतून, दीपिकाचं कण्हणं ऐकू आलं. बिरदेवनं दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी निघालीही लगेच, पण लेकरू त्याआधीच उत्तराबाईंच्या ओच्यात आलं. मुलगी! गाडीतल्या डॉक्टरणीनं नाळ कापली, वजन केलं, वेळ विचारली. लेकरू रडताच उत्तराबाईंनी मोबाइल पाहिला होता, म्हणून वेळ मिनिटासकट सांगता आली. डॉक्टरणीनं सगळं एका चिठ्ठीवर लिहून सही-शिक्का केला आणि मायलेकींना तपासायला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दोघी ठणठणीत परत.

बिरदेवची आई कासाबाई तेव्हाच म्हणाली होती, "बिरदेवला पाठची भैन न्हाई, मास्तरीणबाई. लेकरू तुमच्या वट्यात पडलं. आत्या तुमीच. कानात कुर्र तुमीच करायचं."

आता सराफाकडून हात हलवत आलेल्या आत्याला काही सुचेना. झबलं द्यावं तर तीन महिन्यांत आखूड. पाळणा द्यावा तर घोड्यावर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्यांनी तो ठेवायचा कुठं?

सुचलं ते अचानकच. दीपिकाला बाळंतिणीची सरकारी मदत मिळावी म्हणून माधवराव ओसरीवर अर्ज भरत होते. बिरदेवनं दोघांची आधार कार्डं पुढं ठेवली.

"जन्मतारीख एक जून," माधवराव वाचू लागले. "आणि दीपिकाची... एक जून."

"नवराबायको एकाच दिवशी जन्मलात?" उत्तराबाईंनी विचारलं.

बिरदेव खो खो हसला. "आमचं समदं गणगोतच एक जूनचं हाय, बाई. मेंढरं सुदीक एका दिवशी एवढी यीत न्हाईत!"

माधवरावांनी चष्मा काढला आणि उगीचच पुसायला घेतला. उत्तराबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "अहो, हे तुमचंच काम ना?"

"मग काय करणार? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. बाप म्हणायचा, तांबडी गाय व्याली त्या साली. शाळा जूनमध्ये भरायची. टाकली एक जून. तीस वर्षं तेच केलं."

"म्हंजी आमच्या समद्यांचे बाप तुमी मास्तरच," बिरदेव म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून लाजून उठलाच.

उत्तराबाईंना मात्र हसता हसता एकदम सुचलं. या पोरीची तारीख तर खरी होती. त्यांच्या डोळ्यांदेखतची होती. आता शाळेत जाताना जन्माचाच दाखला मागतात. तो बारशाच्या आधी हातात पडला, तर याहून मोठा आहेर कोणता? बारसं झालं की दुसऱ्या दिवशी कळप हलणार, मग या कागदामागं कोण धावणार? ठरलं. आत्या भाचीला तिचा स्वतःचा दिवस देणार.

ग्रामसेवक हरिओम मनमिळाऊ माणूस. "जिथं जन्म तिथंच नोंद, काकू. बारशाच्या आत देतो की! फक्त डॉक्टरणीची ती चिठ्ठी तेवढी आणा."

उत्तराबाई लगबगीनं आखाड्यावर गेल्या. "दीपिका, चिठ्ठी कुठं हाय ग?"

दीपिकानं सासूकडं पाहिलं. कासाबाईनं झोळीच्या दोरीकडं बोट केलं. दोरीला पिवळ्या फडक्याची एक पुडी बांधलेली होती.

उत्तराबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. कासाबाईनं त्यांच्याकडून पेन मागून नेलं होतं. कागद मात्र मागितला नव्हता.

"कासाबाई, तुमी चिठ्ठीच ठेवलीत सटवाईपुढं?"

"मग? रानात दुसरा कागुद कुटनं आणू? मागनं कोराच व्हता की. आता उघडायचं न्हाई बगा. उघडलं की नशीब उडून जातं. बारशाच्या दिशी दुधना नदीत सोडायचं."

दुसरी कुणी असती तर हुज्जत घातली असती. उत्तराबाईंना हुज्जत येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती पुडी उघडायला त्यांचाही हात धजला नसता. पाचवीची पूजा ती पूजाच. डॉक्टरीण केव्हाच बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली. त्या सांजेला उत्तराबाई विहिरीवर दिवा लावून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसून राहिल्या. आई, सटवाईचंही मोडू नये आणि माझ्या भाचीचंही बुडू नये, असं काहीतरी सुचवा, एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्या कासाबाईपाशी जाऊन बसल्या. कासाबाई लोकर कातत होती.

"कासाबाई, कागद ठेवला तेव्हा कोरी बाजू वर होती का खाली?"

"वर! सटवाईला लिवाया जागा नगं व्हय?"

"म्हणजे सटवाईनं लिहिलंय ते कोऱ्या बाजूला. डॉक्टरणीनं लिहिलंय ते खालच्या. सटवाईचं आपण बघायचंच नाही. पण डॉक्टरणीचं बघायला काय हरकत हाय?"

कासाबाईचा हात थांबला.

"बाई, तुमी लय गरीब दिसता," ती म्हणाली, "पन डोकं वकिलाचं हाय! चला. मी संगं येते. आन् ती बाजू कुणी बगितली तर बगा!"

उत्तराबाईंनी बारसं होईस्तोवर उपवास धरला आणि धूतवस्त्र नेसून पुडी ताम्हणात ठेवली. पुढं ताम्हण, मागं राखणीला काठी घेतलेली कासाबाई, त्यामागं माधवराव, अशी वरात स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचली. दुकानातली निकिता म्हणाली, "काकू, कागद काचेवर पालथा ठेवा."

पालथा! म्हणजे सटवाईची बाजू वर!

"डोळे मिटा रे समदे!" कासाबाई गरजली आणि काठी आपटली.

निकितानं डोळे मिटले. रांगेतल्या दोघांनीही मिटले, न जाणो काय भानगड आहे म्हणून. माधवरावांनी तर चष्माच काढून खिशात टाकला. उत्तराबाईंनी मिटल्या डोळ्यांनी, पदराच्या आडोशात, चाचपडत पुडी सोडली आणि कागद काचेवर सरकवला. निकितानं अंदाजानं बटण दाबलं, खात्रीसाठी आणखी दोनदा, आणि दर वेळी उत्तराबाईंनी कागद जरा हलवला.

पहिल्या प्रतीवर उत्तराबाईंच्या बांगड्या उमटल्या. दुसरी कोरीच आली. तिसऱ्यावर डॉक्टरणीची सही-शिक्क्यासकट सगळी चिठ्ठी.

कागद पुन्हा फडक्यात गेला, गाठ बसली, आणि मगच कासाबाईनं सगळ्यांना डोळे उघडायची परवानगी दिली. "काय होतं हो ते?" रांगेतल्या एकानं विचारलं. "नशीब," कासाबाई म्हणाली आणि चालू लागली.

हरिओमनं नोंद घेतली. "बाळाचं नाव, काकू?"

बारशाआधी नाव तोंडातून काढायचं नसतं. उत्तराबाईंनी पेनानं तळहातावर लिहून दाखवलं आणि लगेच मूठ मिटली. "कुणाला सांगू नका हं." हरिओम गंभीरपणे म्हणाला, "बायकोलासुद्धा न्हाई."

बाराव्या दिवशी सकाळी पुडी दुधनेत सोडली आणि मग रानातच बारसं झालं. बाभळीला झोळी बांधली होती. घुगऱ्या शिजत होत्या आणि गावातल्या बाया जमल्या होत्या. पुरचुंडीतल्या पैशांतून उत्तराबाईंनी एक झाकणाची पत्र्याची नळी करून घेतली होती. पावसापाण्यात, घोड्याच्या पाठीवरही कागद कोरडा राहील अशी. जन्माचा दाखला आत घालून ती त्यांनी लेकराच्या उशाशी ठेवली.

"आत्यानं पाईप आणला व्हय?" शेजारच्या सरजाबाईनं डिवचलंच. "चांदीबिंदी काय न्हाई?"

उत्तराबाईंचं तोंड एवढंसं झालं. खरंच चुकलं का आपलं? दीपिकानं तोवर नळीतून कागद काढला होता. दहावीपर्यंत शिकलेली पोर. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचू लागली. नावाची ओळ आली तशी ती थांबली आणि उत्तराबाईंकडं बघून हसली. आधी आत्याचा मान. उत्तराबाई झोळीवर वाकल्या आणि त्या इवल्या कानात कुर्र करून त्यांनी नाव सांगितलं, "साधना." मग दीपिकानं पुढं वाचलं. "जन्मतारीख अकरा डिसेंबर. आईचं नाव, दीपिका बिरदेव..." तिचा आवाज ओला झाला. छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

"अकरा डिसेंबर," बिरदेवनं पाठ करावं तसं म्हटलं.

"मग फुडल्या अकरा डिसेंबरला आपुन कुटं असू?" दीपिकानं विचारलं.

बिरदेव मनातल्या मनात साऱ्या वाटा चालून आला. नद्या, मुक्काम, रानं. "कुटं म्हंजी? हितंच. सोयाबीन निगालं की हितंच असतू आपुन."

"दरसाली?" उत्तराबाईंनी विचारलं.

"दरसाली."

कासाबाईनं गरम घुगऱ्यांची पहिली मूठ उत्तराबाईंच्या ओटीत टाकली. "तर मग आत्याबाई, फुडल्या साली घुगऱ्या तुमच्या घरच्या. आन् मीठ जरा बेतानं घाला."

"घालीन हो," आत्याबाई म्हणाल्या, आणि उपवास सोडायला त्यांनी त्यातलाच एक दाणा तोंडात टाकला.