बस्तीच्या किल्ल्या

गाडी अधूनमधून बंद पडते, हे अण्णांनीच, माझ्या वडिलांनी, मला सांगितलं होतं. चालता चालता इंजिन, टेप, डॅशबोर्डवरच्या काट्यांमागचे दिवे, सगळं एकदम जायचं. किल्ली फिरवली की पुन्हा चालू. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर काहीच नाही.

मिरजेच्या लालासाहेब वायरमनकडे त्यांनी ती चार वेळा नेली. त्याने बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची वायर बदलली, फ्यूज तपासले. त्याच्यासमोर गाडी एकदाही बंद पडली नाही. दिवाळीत मी साताऱ्याहून आले, तेव्हा तासगावपर्यंत चालवून पाहिली. खड्डे, गतिरोधक, सगळं झालं. काही नाही.

"अण्णा, तुमचा पाय क्लचवरून सुटत असेल," मी म्हटलं. ते शहात्तर वर्षांचे होते. किल्ली मी कपाटात ठेवली आणि शेजारच्या मळ्यातल्या जिनेशला आणि गावातही सांगितलं, अण्णांच्या हातात आता कुणी गाडी देऊ नका.

अण्णा "बरं" म्हणाले. गावातली जैन बस्ती, म्हणजे मंदिर, आमच्या मळ्यापासून दीड किलोमीटर. तीस वर्षं तिचं दार पहाटे तेच उघडत. त्यानंतर ते चालत जाऊ लागले. जूनमध्ये झोपेतच गेले.

बस्तीच्या किल्ल्या आता जिनेशकडे सोपवायच्या होत्या. खुंटीवरून जुडगा काढला. आठ किल्ल्या, भंडाराची तर वीतभर लांब. कपाटातली गाडीची किल्लीही त्याच कडीत अडकवली. अण्णा तसंच करत. कालव्याच्या पुलावरचा उंचवटा ओलांडला आणि इंजिन गेलं. दिवेही गेले. माझा पाय क्लचवर नव्हताच.

बस्तीत न जाता मी मिरजेला गेले.

"आवं ताई, ही गाडी माझ्या दारात आली की शहाणी हुती," लालासाहेब म्हणाला. "बोनेट उघडतो. किल्ली द्या."

मी कडीतून गाडीची किल्ली सोडवू लागले. देवाच्या किल्ल्या गॅरेजात कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत, ही अण्णांची शिस्त.

"थांबा," तो म्हणाला. "अण्णाबी दर खेपेला असंच करायचे. जुडगा खिशात, नुसती किल्ली माझ्या हातात. आज काढू नका. मी शिवत न्हाई, तुमीच सुरू करा."

मी इंजिन चालू केलं.

"आता जुडगा जरा हलवा. आणि खाली वढा."

दुसऱ्या हिसक्याला इंजिन बंद पडलं. सोडलं, किल्ली फिरवली, चालू झालं. पुन्हा ओढलं, बंद. सहा वेळा केलं, चार वेळा बंद पडली.

"किल्लीमागचा स्विच," तो म्हणाला. "आतला पॉइंट झिजलाय. एवढं वजन लोंबकळत असलं आन् दणका बसला, की करंट तुटतोय. नुसत्या किल्लीला काय हुतंय?"

दिवाळीत मी चालवायला मागितली, तेव्हा अण्णांनी आधी जुडगा काढून खिशात टाकला होता. मग किल्ली दिली होती. मला ते दिसलं होतं.

"मी त्यांना म्हटलं, तुमचा पाय सुटतो."

लालासाहेब बोटांचं ग्रीस पुसत राहिला. "त्वांडावर बोललो न्हाई ताई, पर माझ्याबी मनात त्येच हुतं. म्हातारपण म्हणलं. चार खेपा मी गाडी तपासली, गाडीतनं उतरल्यावर त्ये काय करत्यात ते न्हाई बघितलं."

नवा स्विच बसवायला अर्धा तास लागला. जुना मी मागून घेतला. स्विच बदलला तरी जड जुडगा लावायचा नाही, असं त्याने बजावलं. जाताना जुडगा मी शेजारच्या सीटवर ठेवला.

जिनेश बस्तीच्या पायरीवर वाट बघत होता. किल्ल्या घेताना म्हणाला, "शेवटी शेवटी अण्णांना गाडी झेपत नव्हती, नाही का ताई? बरं झालं तुम्ही वेळेवर बंद केलीत."

"झेपत होती," मी म्हटलं. जुना स्विच त्याच्या हातावर ठेवला. "दोष ह्याचा होता. अण्णा बरोबर सांगत होते, मी ऐकलं नाही. गावात मी उलटंच सांगितलंय, तेव्हा आता हेही सांग."

त्याने स्विच उलटसुलट करून पाहिला.

"आणि हा जुडगा गाडीच्या किल्लीला अडकवू नकोस," मी म्हटलं.