दारावरच्या दगडातली चूक

लग्न झालं की नवरा-बायकोची अक्षरं दारावरच्या आडव्या दगडात कोरायची, ही डोंगरातल्या स्कारबेक गावाची जुनी रीत. वर मध्यभागी आडनावाचं अक्षर, खाली एका अंगाला त्याचं, दुसऱ्या अंगाला तिचं आणि तळाशी साल. ओढ्याकाठच्या रॉ लोकांच्या घरावर वर 'आर' होता, खाली 'ए' आणि 'एच', आणि तळाशी नुसते दोन आकडे, ६१. दगड अरुंद होता, चार आकडे मावत नव्हते.

ते साल होतं १९६१. कोरणारा अँब्रोज रॉ, हाडाचा गवंडी, आता ब्याऐंशी वर्षांचा आणि अजून त्याच घरात राहणारा. 'एच' म्हणजे त्याची हॅना. पण साऱ्या गावाच्या लेखी ते साल होतं १७६१, आणि ही करामत स्टेव्हलीबाईंची.

म्युरिअल स्टेव्हली या गावात शाळामास्तरीण म्हणून आल्या आणि गावाच्या इतिहासाच्या हात धुऊन मागे लागल्या. कुणाचं कोठार किती जुनं, कुणाच्या भिंतीत मोडक्या मठाचे दगड, सगळं त्यांनी उकरून काढलं. चर्चच्या नोंदवहीत त्यांना अँथनी आणि हेलेन रॉ सापडले, लग्न १७६१ सालचं. झालं! ६१च्या आधी १७ बाईंनी मनानंच लावून टाकले आणि गावावरच्या आपल्या पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर छापूनही टाकले. अँब्रोज खरं सांगायला निघाला, तर हॅनानं त्याची बाही धरून खाली बसवलं.

"गप रे! एका दिवसात दोनशे वर्षांनी म्हातारी झालेय मी. जरा मजा तर बघू दे."

गावातल्या जुन्या माणसांनाही तिनं डोळा मारून गप्प केलं. पुढं बत्तीस वर्षं, दर जूनमध्ये बाईंची इतिहासफेरी या दारापाशी थांबायची, लोक फोटो काढायचे, आणि हॅना आल्याचा केक घेऊन बाहेर यायची. "कोण होती हो बिचारी हेलेन?" असं अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारायची.

नाताळाच्या आधी हॅना गेली. डोळा मारलेली माणसंही एकेक करून चर्चच्या आवारात जाऊन निजली होती. खरं ठाऊक असलेला अँब्रोज एकटाच उरला. आणि या शनिवारी दाराशेजारी पाटीच्या दगडाची पाटी बसायची होती : 'अँथनी आणि हेलेन रॉ, १७६१'. हॅना होती तोवर ही थट्टा होती. आता तिचं अक्षर कायमचं दुसऱ्याच बाईच्या नावावर चढणार, हे त्याला सोसवेना. पण सांगायचं कुणाला? हिवाळाभर दर बुधवारी सुपाचं भांडं घेऊन येणाऱ्या स्टेव्हलीबाईंना?

गुरुवारी दुपारी बाई पाटी घेऊन आल्या, भोकं कुठं पाडायची ते बघायला. अँब्रोजनं चहा ठेवला, दोनदा घसा खाकरला आणि एकदाचं बोलून टाकलं.

"बाई, ती हेलेन नाही. माझी हॅना आहे ती."

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "आठवण येते, अँब्रोज. कळतं मला."

"तसं नव्हे हो! जुना दगड तडकला, म्हणून हा मी बसवला. अक्षरं माझी आहेत."

"आणि एवढं शेवाळ?"

"ताक! नवा दगड नव्या कवळीसारखा दिसतो, म्हणायची हॅना. तीन आठवडे रोज ताक फासलं तिनं त्याला, शेवाळ लवकर धरावं म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. आवाज शाळेतला झाला. "माझा नियम ठाऊक आहे तुम्हाला. पुराव्याशिवाय एक ओळ लिहीत नाही मी."

"लिहिलीत की, चौदाव्या पानावर."

बाई चष्मा पुसू लागल्या. अँब्रोजला वाईट वाटलं, पण आता माघार नव्हती. "'एच'ची आडवी रेघ बघा. उजवीकडे घसरलीय."

"'अठराव्या शतकातील ओबडधोबड हत्यारांमुळे,'" बाई पुटपुटल्या. "माझंच वाक्य."

"हत्यार झकास होतं. वडिलांची छिन्नी." त्याचे कान लाल झाले. या डोंगरातले पुरुष मेंढ्यांवर दोन-दोन तास बोलतील, पण असलं बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटते. "मी शिडीवर होतो. ती मागनं स्टुलावर चढली आणि... मानेचा मुका घेतला माझ्या. हातोडी बसायची तिथं बसली."

बत्तीस वर्षांच्या फेऱ्या बाईंच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात, कारण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे दरवर्षी मला केक देताना ती हसत होती?"

"तुम्हाला नाही हो, मला हसायची! फेरी वळली की कानाशी यायची आणि म्हणायची, घेऊ का पुन्हा?"

बाई आधी लालबुंद झाल्या, मग फिस्सकन हसल्या, मग रुमाल शोधू लागल्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पाटी उलटी केली आणि टेबलावर त्याच्याकडे सरकवली.

"ही बाजू कोरी आहे. हात चालतो का अजून?"

शुक्रवारी सकाळी अँब्रोजनं छिन्नी घासली आणि कामाला बसला. 'अँब्रोज आणि हॅना रॉ, १९६१'. हात चालेल की नाही याची त्याला धास्ती होती, पण दगडाला टेकल्यावर हात निवांत झाला. हॅनाच्या 'एच'ची आडवी रेघ सुतासारखी सरळ आली. तो त्या रेघेकडे बघत बसला. मग छिन्नी खाली ठेवून, नाताळापासून पहिल्यांदाच, मोकळेपणानं रडला.

शनिवारी फेरी आली. स्टेव्हलीबाईंनी सगळ्यांना चौदावं पान उघडायला लावलं आणि शाळेतल्यासारख्या पेन्सिली काढायला लावल्या. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काट मारा. चूक माझी आहे." मग त्यांनी हॅनाची गोष्ट सांगितली, ताकासकट.

"आणि ती घसरलेली रेघ?" कुणीतरी विचारलं.

"तिचं कारण मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "पण ते मी छापणार नाही."

लोक हसले. शेफील्डहून आलेली एक ठसठशीत बाई दगडाकडे बघायची, पुन्हा पाटीकडे बघायची. "तरुणपणी चुकलात आणि म्हातारपणी सरळ काढलीत की हो, आजोबा! हात सुधारला म्हणायचा."

अँब्रोजनं वर दगडाकडे पाहिलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "तेव्हाचीच चांगली आली होती."