प्रकरणातली चौथी

प्रकरण ६१. ‘क’ हा औषधाच्या दुकानात कंपाउंडर. घाईत त्याने चुकीची बाटली दिली. ‘ख’ हे मूल दगावलं. दुकानाचा मालक ‘ग’ याला काहीच ठाऊक नाही. ‘क’ने चूक जाहीर करावी का?

उत्तर : तशी सक्ती नाही. ‘क’ने मनापासून पश्चात्ताप करावा आणि गप्प राहावं. त्याच्या बोलण्याने ‘ख’ परत येणार नाही, ‘क’चं घर मात्र उघड्यावर पडेल.

हे माझ्या मामांनी लिहिलं. मामा धर्मगुरू, पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवायचे. विद्यार्थी त्यांना ‘तराजू’ म्हणत. तराजूंना साखर किती ते विचारू नका, चहा गार होईल, असा विनोद होता. कन्फेशन, म्हणजे लोकांची पापांची गुप्त कबुली, ऐकणाऱ्या तरुण पाद्र्यांसाठी त्यांनी एकशे चाळीस प्रकरणं लिहिली. टाइप मी केली. नियम एकच : प्रकरणात तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. “चौथा आला की काटा हलतो, बाई,” म्हणायचे.

पत्रं यायची, कुठून कुठून. ‘तुमच्या एकसष्टने एक माणूस वाचला. तो गप्प राहिला.’ मी ती खोक्यांत लावून ठेवायचे. चार खोकी झाली. चार खोकी गप्प माणसं.

शेवटच्या वर्षी, भर दुपारी :

“दाराशी बाई उभी आहे. तिला बसायला दे.”

“मामा, कोणी नाही.”

“असं कसं? मीच उभं ठेवलंय तिला.”

मामा गेले. उद्या सातव्या आवृत्तीची मुद्रितं न्यायला छापखान्याचा माणूस येणार, म्हणून आज त्यांची स्वतःची प्रत उघडली. प्रत्येक प्रकरणाखाली थरथरत्या पेन्सिलीने एकच ओळ : इथे आणखी कोण होतं?

एकशे चाळीस वेळा.

वाचता वाचता मला प्रत्येक पूर्णविरामामागे कोणीतरी श्वास रोखून उभं असल्यासारखं वाटू लागलं. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

एकसष्टखाली मात्र उत्तरही होतं. ‘मुलाची आई. चमचा तिच्या हातात होता. मी तिला मोजलंच नाही. वरचं उत्तर चूक. तुझ्या बाबांना वाचून दाखव.’

बाबा कंपाउंडर होते.

आणि शेजारच्या मावशींचा मुलगा चार वर्षांचा असताना खोकल्याच्या औषधाने गेला होता. तेव्हापासून मावशी कुणाला औषध पाजत नाहीत. स्वतःचंसुद्धा माझ्याकडून ओतून घेतात. “माझा हात जड आहे गं,” म्हणतात. मला ती नुसती सवय वाटायची.

बाबा मागच्या खोलीत मटार सोलत होते. मी वाचून दाखवलं. त्यांचा हात थांबला नाही.

“कन्फेशनमध्ये सांगितलं होतंत?”

“छे! तिथलं असतं तर तुझ्या मामाने जीव गेला तरी लिहिलं नसतं. जेवताना सांगितलं. वाटलं, मेव्हणा आहे, चार शिव्या घालेल. तर त्याने वही काढली.”

“मावशींना वाटतं, त्यांनीच जास्त पाजलं.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तेव्हाच म्हणालो होतो त्याला. म्हणाला, प्रश्न तुझा आहे, तिचा नाही.” बाबांनी शेंग तशीच टाकली. “आणि आता खोडतो! तोंडाने सांगायला काय झालं होतं त्याला? चाळीस वर्षं रोज तिला ‘कशा आहात वहिनी’ विचारतोय मी.”

“तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, बाबा.”

“ती मरेल.”

“कदाचित.”

प्रकरण १४१. ‘क’, वय ऐंशी, शेजारच्या घरी जातो. अंतर अकरा पावलं. सोबत मुलगी. ‘क’ने काय बोलावं?

उत्तर :

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. बाबा उभ्यानेच बोलले. दोन बाटल्या एका फळीवर होत्या, चिठ्ठी वाचली नाही, दुसऱ्या दिवशी कळलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“त्याने तोंड वाकडं केलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, लाडात आलाय. नाक दाबून पाजलं मी.”

“बाटली माझी होती, वहिनी.”

“हात माझा होता ना? तो नका काढून घेऊ, भाऊ. त्याला लावलेला शेवटचा हात आहे.”

बाबा खाली बसले, जमिनीवरच. मी त्यांना धरायला गेले तर मावशींनी मला नजरेनेच थांबवलं.

“रंग कोणता होता?” त्यांनी विचारलं.

“कशाचा?”

“खऱ्या औषधाचा. त्याला मिळायला हवं होतं त्या.”

बाबांना आठवायला वेळ लागला नाही. “गुलाबी.”

“गोड?”

“गोड.”

“मग ते त्याने आपणहून प्यायलं असतं,” मावशी म्हणाल्या.