पाचपैकी पाच

निवासी डॉक्टरांना गुण द्यायचा विभागप्रमुखांना मनस्वी कंटाळा. तीनपेक्षा कमी दिले की कारण लिहा, समितीपुढे बसा, वर त्या पोराची समजूत काढा. एवढी डोकेदुखी घेतो कोण? सरांनी सरसकट पाचपैकी पाच वाटून टाकले.

एकटीला मात्र वागणुकीत तीन. तीनला कारण लिहावं लागत नाही. तिला सगळे तिखटबाई म्हणत. राऊंडला तिनं सर्वांदेखत म्हटलं होतं, "सर, हा डोस पेशंटच्या किडनीला झेपणार नाही." डोस बदलावा लागला, ते सरांना झोंबलं. उलट सरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा होयबा! त्याच्या पाचावर 'अत्यंत होतकरू' असा शेराही पडला.

मग एका दुपारी सरांच्या सासूबाईंना धाप लागली. सरांनी त्यांना वॉर्डात आणलं, तसा होयबा धावत आला.

"तू राहू दे रे. तिखटबाईला बोलाव."

"अहो, हाच ना तुमचा होतकरू?" बायकोनं विचारलं.

"होतकरूच आहे गं. पण प्रश्न आईंचा आहे!"

तिखटबाईनं पायांवरची सूज बघितली. "आजी, लघवीच्या गोळ्या बंद केल्या का?"

"जावईबापूंनीच सांगितलं की बंद करायला."

सर छताकडे बघू लागले. तिखटबाईनं लगेच लघवीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत सासूबाई उशीला टेकून लेकीला सूचना देऊ लागल्या.

पुढे तज्ज्ञ डॉक्टर होण्याच्या अंतिम परीक्षेत तिखटबाई पहिल्या फटक्यात पास झाली आणि होयबाची दांडी उडाली. समितीनं सरांना बोलावलं.

"तुमच्या गुणांचा निकालाशी मेळच नाही. कोण पास होईल हे कळत नव्हतं?"

"चांगलं कळत होतं."

"मग तसे गुण का नाही दिलेत?"

"दिले असते तर तुम्ही बोलावलं असतंत."

"आता बोलावलंच ना?"

बराच खल झाला. शेवटी ठरलं, यापुढे गुण निकाल लागल्यावरच भरायचे. म्हणजे मेळ आपोआप बसेल. सगळे खूश होऊन चहाला उठले.

सर खोलीत आले तर होयबा रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उभा.

"सर, तुम्ही पाच दिले होते ना? मग मी कुठे कमी पडतो, हे मला कळणार कसं?"

सरांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बस. छाती तपासताना तू नळी टेकवतोस, ऐकत नाहीस. आधी तिथून सुरू करू."

होयबाचा चेहरा उतरला, पण तो बसला.