सात ते आठ, झाकण बंद

मी पत्र्याचा डबा बोलतोय. गोल, निळा, झाकणावर गुलाबाची फुलं. हो, तोच, बिस्किटांचा! पण आत बिस्किटं सापडतील या आशेने आला असाल, तर आल्या पावली परत फिरा. ती आठ दिवसांत फस्त झाली होती. पुढची पंधरा वर्षं माझ्या पोटात सुया, दोरे आणि बटणं. घरातली बाई घरीच शिवणकाम करते. तिचा हात माझ्यात दिवसातून वीस वेळा यायचा आणि माझं छान चाललं होतं.

मग घरच्या साहेबांना साक्षात्कार झाला.

साहेब म्हणजे तिचा नवरा. एका कंपनीत माणसं निवडून घ्यायचं काम करतो. घरात त्याला कोणी साहेब म्हणत नाही, मीच म्हणतो, कुचेष्टेने. त्यांना तेरा वर्षांची एकुलती एक लेक आहे. डोक्याने तल्लख, पण बोलताना अडखळते. पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथेच अडून बसतं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमनी आईबापांना साधी गोष्ट सांगितली होती.

"रोज एक तास फोन बाजूला ठेवा आणि तिचं ऐका. ती बोलताना तिच्या तोंडाकडे बघा. अडली तर थांबा, तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. नाहीतर हळूहळू ती बोलणंच टाळायला लागेल."

आता हे ऐकायला काय लागतं? दोन कान आणि थोडी लाज. पण साध्या गोष्टीला साधं राहू दिलं तर साहेब कसले! त्यांनी कंपनीतल्या कुठल्याशा शिबिरातून एक भारदस्त शब्द उचलून आणला, 'डिजिटल मिनिमलिझम', म्हणजे फोन कमीत कमी वापरणं. माझी बटणं प्लास्टिकच्या पिशवीत गेली आणि मी जेवणाच्या टेबलावर. नियम ठरला: संध्याकाळी सात ते आठ, तिघांचे फोन डब्यात आणि झाकण बंद.

पहिल्याच दिवशी मायलेकींनी आपापले फोन आत ठेवले. मी झाकणाची वाट बघतोय, तर साहेब म्हणतात, "थांबा थांबा, लावू नका!" त्यांनी स्वतःचा फोन काढला, माझा फोटो घेतला आणि आपण फोन सोडल्याची बातमी फोनवरूनच जगाला कळवली. मग "एकच मिनिट" म्हणत कोणाकोणाला आवडलं ते बघत बसले. ते मिनिट साडेसातला संपलं.

त्या फोटोखाली कुणीतरी विचारलं, "घरात तिघं आणि डब्यात फोन दोनच? तिसरा कुठाय?"

शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोटो काढणं बंद केलं असतं. आमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी कपाटातून जुना फोन काढला. काच तडकलेली, बॅटरी कधीच मेलेली. तो मुकाट्याने माझ्यात ठेवला. फोटोत फोन तीन झाले, वाहवा झाली आणि खरा फोन साहेबांच्या मांडीखाली गेला. बाकीचे दोन अधूनमधून थरथरायचे, हा दगडासारखा गार पडून असायचा. मला सगळं कळत होतं हो, पण डब्याला विचारतो कोण!

तरी पोरीत फरक पडला. आई हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत बसायची. तीन आठवड्यांत लेक गाडी पकडायची असल्यासारखी घाई न करता बोलायला लागली. शाळेत शुक्रवारी ज्यांना हवं त्यांनी आपल्या घराबद्दल चार ओळी बोलायच्या होत्या. तिने स्वतःहून नाव दिलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी त्याचीही पोस्ट केली.

गुरुवारी तिने टेबलापाशी उभं राहून म्हणून दाखवलं.

"माझे बाबा रोज सात वाजता फोन ड... डब्यात ठेवतात. एक तास ते फ... फ..."

ती अडली आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे शांतपणे थांबली. तेवढ्यात साहेबांच्या मांडीखाली काहीतरी गुरगुरलं. साहेबांनी खाली बघितलं, गालातल्या गालात हसले आणि मान वर न करता म्हणाले, "फक्त माझं ऐकतात. हं, पुढे?"

लेकीने माझं झाकण उघडलं. आत तीन फोन. तिने तिसरा काढला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि तो बापापुढे ठेवला.

"किती दिवस चाललंय हे?" आईने विचारलं.

"अगं, कामाचा मेसेज होता..."

"किती दिवस?"

"फोटोत दोनच दिसत होते ना," साहेब म्हणाले.

काय हा माणूस! पंधरा वर्षं माझ्यात गंजक्या टाचण्या राहिल्या, पण त्यांची मला कधी अशी शिसारी आली नव्हती.

शुक्रवारी लेकीने यादीतून नाव काढून घेतलं. त्याच दिवशी आईने माझ्यात बटणं परत ओतली. आता मी शिलाई मशीनजवळ असतो. लेक तिथेच येऊन बसते. ती बोलायला लागली की आई मशीन थांबवते, तिच्याकडे बघते आणि पोरीचं वाक्य संपेपर्यंत मशीनवरचा पाय हलवत नाही. या गोष्टीला या घरात काही नाव नाही.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. फोन सोडायचा तर सोडा, नाहीतर खुशाल कुरवाळत बसा, पण आम्हा डब्यांना तुमच्या नाटकात ओढू नका. माझा तो फोटो अजून लोकांना आवडतोय म्हणे. आवडू दे बापडा!

परवा साहेब शिवणाच्या खोलीच्या दारात आले. खरं सांगायचं तर चेहरा उतरला होता. म्हणाले, "बोल ना बाळा, मी ऐकतोय."

लेकीने आधी त्यांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात रिकामे होते. मग तिने त्यांच्या खिशांकडे बघितलं.

"क... काही नाही, बाबा," ती म्हणाली.