एक्कावन्न नंबरचं टोपण

आमच्या कारखान्यात मला घारसाहेब म्हणतात. म्हणजे परवापर्यंत म्हणायचे. घार उंचावरून उंदीर टिपते, तसा मी दोन काळ्या दोऱ्यांमधला फरक टिपतो, असा त्याचा अर्थ. हे नाव मी स्वतः पाडून घेतलेलं नाही, पण पडल्यावर पुसायचाही प्रयत्न केला नाही. डबा खाताना कुणी "घारसाहेब, जरा हे बघता का?" असं म्हटलं, की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

आम्ही शिवणाचा दोरा रंगवतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं आणि त्या कापडात दिसेनासा होईल असा दोरा आम्ही करून द्यायचा. दोरा डोळ्यात भरला की आमचं काम बिघडलं. त्यासाठी एक रंगखोली आहे. भिंती राखाडी, खिडकी एकही नाही, आणि मधोमध दिव्यांचं कपाट. त्यात दुपारचं ऊन, दुकानातली ट्यूब, घरातला पिवळा बल्ब असे सगळे उजेड बटण दाबून पाडता येतात. तिथे सहा माणसं बसतात. त्यांनी "पास" म्हटलं की शंभर किलो दोरा गाडीत चढतो, "नापास" म्हटलं की पुन्हा टाकीत जातो. म्हणून दरवर्षी त्यांच्या डोळ्यांची परीक्षा होते, आणि परीक्षा घेणारा मी.

परीक्षा बघायला पोरखेळ वाटते. चार लांब लाकडी पेट्या, त्यात मिळून पंच्याऐंशी टोपणं. बाटलीच्या टोपणाएवढी काळी टोपणं, प्रत्येकाच्या माथ्यावर एक रंग, खाली नंबर. मी ती विस्कटून द्यायची आणि समोरच्यानं रंग हळूहळू बदलत जाईल अशी ओळीनं लावायची. मग पेटी उलटी करून नंबर बघायचे. टोपण जागेपासून जितकं लांब, तितके चुकीचे गुण जास्त. बारा गुणांपर्यंतची चूक माफ. त्याच्या वर गेलं तर महिन्याभरानं आणखी एक संधी, आणि तरीही जमलं नाही तर पॅकिंगला रवानगी. एक नियम मात्र कडक आहे: टोपण कडेनं धरायचं, रंगाला बोट लावायचं नाही. घामानं, तेलानं रंग बिघडतो. हा नियम मी सगळ्यांना बोट नाचवून सांगायचो.

दरवर्षी मी आधी स्वतः करून दाखवायचो. पाच मिनिटांत चारही पेट्या, चूक शून्य. खोलीतल्या पोरी टाळ्या वाजवायच्या.

यंदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस आला आणि म्हणाला, ही पेटी फार जुनी झाली, नवी आणा. नवी आली. मॅनेजर हजर, सगळी खोली हजर. मी बाह्या सरसावून बसलो. पहिल्या दोन पेट्या ठीक गेल्या. तिसरी निळ्यांची, समुद्री हिरव्यापासून जांभळट निळ्यापर्यंत. त्या निळ्यांपुढे मी अडलो. एक टोपण उचलावं, ठेवावं, पुन्हा उचलावं. सगळी एकाच आईची लेकरं. वीस मिनिटांनी मी "झालं" म्हणालो, आणि आमच्यातली चष्मेवाली, जी गुण मोजते, तिनं पेटी उलटी केली. तिनं मोजलं. मग माझ्याकडे न बघता पुन्हा मोजलं.

"अठ्ठावीस," ती म्हणाली, तेही इतक्या हळू, की जणू चूक तिचीच होती.

"उजेडाचा दोष आहे," मी म्हणालो. "ट्यूब बदलायला हवी." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यात दुसऱ्यांसाठी शंभर वेळा वापरली असेल.

मॅनेजर हसला. "होतं असं. उद्या परत बसा. आणि ती जुनी पेटी भंगारात देऊन टाका, उगाच घोटाळा नको."

सगळे जेवायला गेले. मी जुनी पेटी भंगारात द्यायला म्हणून उचलली, पण आधी दार लावलं आणि निळी टोपणं टेबलावर ओतली. तोच उजेड, तीच खुर्ची, तेच डोळे. दोन मिनिटांत ओळ लागली. उलटी केली. शून्य चूक.

क्षणभर मला बरं वाटलं. दोष नव्या पेटीतच असणार! मग मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा टोपणाच्या कडेवरून फिरत होता. मी डोळे मिटले आणि एक टोपण उचललं. कडेला बारीक खाच: हे एक्कावन्न. दुसरं उचललं. गुळगुळीत, एका बाजूला किंचित उंच: अठ्ठावन्न. त्या पेटीतली आठ-नऊ टोपणं मला अंगठ्यानं ओळखू येत होती, आणि तेवढी जागेवर बसली की मधली आपसूक बसत होती. गेली कितीतरी वर्षं मी रंग बघतच नव्हतो. मी कुणाला फसवायचं ठरवलं नव्हतं, हे खरं. पण माझी स्वतःची फसवणूक इतकी बेमालूम झाली होती, की टाळ्या मी मनापासून घेतल्या.

मग मी जुनं एक्कावन्न आणि नवं एक्कावन्न शेजारी शेजारी ठेवलं. तो फरक मलाही दिसला. जुनं हिरवट होतं, मळकट होतं. आणि ती खाच कशी पडली, ते मला आठवलं.

तीन वर्षांपूर्वी मी याच टेबलावर चहा घेऊन बसलो होतो. रंगखोलीत खाणंपिणं बंद, ही पाटी मीच लावलेली. कोपर लागून कप कलंडला, एक टोपण फरशीवर पडून कडेला खाचलं, आणि त्याच्या रंगावर चहा सांडला. मी ते हाताशी असलेल्या ओल्या फडक्यानं चोळून पुसलं. ओलं असताना वेगळं दिसत होतं. वाळल्यावर मी स्वतःला म्हटलं, आता सारखंच दिसतंय. कुणाला सांगितलं नाही. पेटी महागाची होती, आणि पाटी माझी होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी अक्का नापास झाली.

अक्का माझी कुणी लागत नाही. अख्ख्या कारखान्याचीच ती अक्का. मी कामाला लागलो तेव्हा मला निळा म्हणजे निळा एवढंच कळायचं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून तिनं मला शिकवलं. "अरे, घाई नको. आधी त्या राखाडी भिंतीकडे बघ, डोळा धुऊन घे, मग दोऱ्याकडे बघ." मला साहेब केलं तेव्हा तिला डावललं होतं, आणि तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिची दरवर्षी शून्य चूक असायची. त्या वर्षी तिनं एक्कावन्न उचललं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे इथलं नाही. ह्याच्यात पिवळं शिरलंय." माझ्या मनात चहा येऊन गेला. आला, आणि मी त्याला हाकललं. वर काहीतरी बोललो, आणि सगळे हसले. काय बोललो ते पुढे सांगतो. आत्ता जीभ उचलत नाही.

फायलींच्या कपाटातून तिचे दोन्ही कागद काढले. पहिल्या परीक्षेत एक्कावन्न ठेवलेलं सेहेचाळीस आणि सत्तेचाळीसच्या मध्ये. सोळा गुण चूक. महिन्यानंतरच्या परीक्षेत एक्कावन्न पुन्हा सेहेचाळीस आणि सत्तेचाळीसच्या मध्ये. सोळा गुण. बाकी चौऱ्याऐंशी टोपणं दोन्ही वेळा बिनचूक. बाकीच्यांचे डोळे तिच्याइतके तीक्ष्ण नव्हते; त्यांनी एक्कावन्न घर-दोन घरं चुकवलं होतं आणि ते पास झाले होते. ज्याचा डोळा चुकतो तो दरवेळी वेगळीकडे चुकतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तिला दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसली होती, कारण ती तिथे होती. खाली दोन्ही कागदांवर माझ्या वळणदार अक्षरात "अपात्र". मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेटी भंगारात गेली असती तर हे कुणालाही कळलं नसतं. हा विचार मी केला. पाचेक मिनिटं तरी केला, खोटं कशाला सांगू. मग नवी पेटी काखेत मारली आणि पॅकिंगला गेलो.

अक्का खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिच्या समोर दोन खोकी उघडी, दोन्हींत निळे दोरे. ती शेजारणीला विचारत होती, "हा गडद तो ह्यातला ना गं? तूच बघ बाई. मला रंगातलं काही कळत नाही."

मला रंगातलं काही कळत नाही. अक्का म्हणत होती हे.

तिनं मला पेटीसकट पाहिलं आणि हसली. "काय रे, आता इथूनही काढायला आलास का?"

"अक्का, एकदा रंगखोलीत चल. एकच पेटी लाव."

"कशाला थट्टा करून घेऊ? मागच्या महिन्यात सुनेचा ब्लाउज शिवायला घेतला, तर दोरा आणायला नातीला पाठवलं मी. सात वर्षांची पोर. म्हटलं, तिचे डोळे तरी धड आहेत."

"एकदाच," मी म्हणालो. बाकी बोलण्यासारखं सगळं खोलीतच बोलायचं होतं, सगळ्यांसमोर. ती उठली, नळावर हात धुतले, पदराला न पुसता वाऱ्यावर वाळवले आणि माझ्या मागून आली.

जेवून परतलेल्यांनी तिला बघून वाट सोडली. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि निळी टोपणं समोर ओतली. तिनं पहिलं उचललं, कडेनं, दोन बोटांत, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. ठेवलं, पुन्हा पाहिलं. प्रत्येक टोपणागणिक ती माझा चेहरा वाचत होती, चुकलं तर कपाळावर आठी दिसेल म्हणून.

"अक्का, माझ्याकडे नको बघू."

"मग कुणाकडे बघू? परीक्षा तूच घेतोस ना?"

"भिंतीकडे बघ. डोळा धुऊन घे. तूच शिकवलंस."

ती थांबली. राखाडी भिंतीकडे बघत राहिली, बराच वेळ. मग तिचे हात चालू लागले आणि पुन्हा एकदाही माझ्याकडे वळली नाही. शेवटचं टोपण बसलं.

"बघ. बरोबर आहे का?"

मी पेटीत डोकं घातलं. निळं, निळं, निळं. "मला कळत नाही," मी म्हणालो.

"चेष्टा करतोस?"

"नाही अक्का. मला खरंच दिसत नाही. सकाळी ह्याच पेटीत माझी अठ्ठावीस गुण चूक झाली."

चष्मेवालीनं पेटी उलटी केली आणि नंबर मोठ्यानं वाचत गेली. त्रेचाळीसपासून त्रेसष्टपर्यंत एकही मागेपुढे नव्हतं. मग मी सांगितलं. कप, फडकं, खाच, अंगठा, दोन्ही कागद, सगळं. सांगताना माझी नजर फरशीवर होती. धरणी पोटात घेते म्हणतात, ती वेळेला घेत नाही.

अक्कानं हात पुढे केला. "ते जुनं टोपण दे."

तिनं ते उजेडाखाली धरलं. "चहा," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, पिवळं शिरलंय. तू त्यावर काय म्हणालास, आठवतं?"

"आठवतं."

"म्हण."

"अक्का..."

"ह्यांच्यासमोरच म्हणाला होतास. म्हण."

मी म्हणालो. "अक्का, वय झालं की टोपणं नाही, डोळे पिवळे पडतात." ह्या वेळी कुणी हसलं नाही.

"तीन वर्षं," ती म्हणाली, "माझे डोळे मला सांगत होते आणि मी तुझ्या जिभेचं ऐकत होते." आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं चढवला नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मला ते मागायचं धाडस झालं नाही.

मी कोरा कागद घेतला, वर माझं नाव घातलं, पुढे अठ्ठावीस, आणि खाली त्याच वळणदार अक्षरात "अपात्र". चष्मेवालीला म्हणालो, हा मॅनेजरकडे दे, आणि अक्काचे दोन कागद ह्या टोपणासकट दे. मग पॅकिंगला जायला निघालो. तिथे अक्काच्या चिठ्ठ्या अर्ध्या राहिल्या होत्या.

दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून दिव्याच्या बटणाचा आवाज आला. अक्कानं सकाळच्या लॉटमधला एक दोरा उचलून कपाटात कापडाशेजारी धरला होता. ऊन, ट्यूब, बल्ब, तिन्ही उजेड पाडून बघितले.

"हा कुणी पास केला?" तिनं विचारलं.



"मी," मी म्हणालो.

तिनं तो दोरा नापासच्या टोपलीत टाकला आणि दुसरा उचलला.