हळदीचे हात

"लाल झाले! बघा, हात लाल झाले!"

मठाच्या आवारातली हजारभर माणसं एकदम मागं सरली. आठ सप्टेंबर १९९८, मरियममायच्या यात्रेचा दिवस. मूर्तीपुढं तांड्यावरची विधवा भिकाबाई उभी होती आणि तिच्या हळद माखलेल्या तळहातांवरून रक्तासारखं पाणी ठिबकत होतं.

दयाळबाबा नावाचा इसम आठ दिवसांपूर्वी कुठून उगवला, कोणालाच ठाऊक नव्हतं. मूर्तीच्या पायथ्याशी दोन घागरी मांडून तो ओरडत होता, "माय जमिनीतून स्वयंभू वर आली! माय बोलत न्हाई, दाखवते! पुण्यवानाचा हात पिवळा, डाकणीचा हात लाल!" मठातल्या ख्रिस्ती सिस्टरांनी त्याला दोनदा हाकललं होतं, दोन्ही वेळा लोकांनीच परत आणून बसवलं. खरं तर बाहत्तरच्या दुष्काळात दवाखाना काढायला आलेल्या सिस्टरांनी हा मठ बांधला. मूर्ती पेंढ्यात गुंडाळून हिंगोली स्टेशनावरून बैलगाडीनं आली. गाडी हाकणारा हिरासिंग त्या गर्दीतच उभा होता, पण त्याचं ऐकतो कोण?

भिकाबाईच्या शेजारच्या शेतातल्या लखमाची पाच वर्षांची पोरगी नऊ दिवस तापानं फणफणत होती. बाबानं तिला दवाखान्यात नेऊ दिलं नाही. करणी शोधायला त्यानं सहा बायकांना हळद लावून उभं केलं. पाच जणींच्या हातांवर एका घागरीतलं पाणी पडलं, भिकाबाईच्या हातांवर दुसरीतलं. लखमाशी तिचं बांधावरून वैर होतं. ते बाबाच्या कानावर कोणीतरी घातलंच असणार.

लखमानं धोंडा उचलला. "माझं लेकरू खातीस व्हय गं?"

दवाखान्यातली म्हातारी सिस्टर फिलोमिना धावत येऊन भिकाबाईच्या पुढं उभी राहिली. "आधी मला मार, लखमा."

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तरीही माझे पाय जागचे हलले नाहीत, हे कबूल करतो. धाडस केलं ते भिकाबाईनंच. ओला अंगठा तिनं जिभेला लावला. थुंकली.

"हे मायचं पाणी न्हाई. चुना हाय ह्याच्यात! जल्मभर तंबाखू खाल्ली म्या, मला चुना कळत न्हाई काय?"

माझं डोकं तेव्हा कुठं चाललं. पुढं होऊन मी म्हणालो, "लखमा, तुझी चुन्याची डबी दे."

"काहून?"

"दे तर खरं. आणि हाताला हळद लाव."

मठाच्या नळाचं पाणी तांब्यात घेतलं, त्यात चुना कालवला आणि त्याच्या हातावर ओतलं. हळद लालभडक झाली. लखमा स्वतःच्या हाताकडं बघतच राहिला. दुसऱ्या हातातला धोंडा त्यानं खाली टाकला.

"आता लखमा बी डाकण काय रे बाबा?" हिरासिंग ओरडला.

बाबा उठून पळायला गेला आणि त्या दुसऱ्या घागरीला अडखळून गर्दीच्या हाती सापडला. घागर कलंडली. वरचं निवळ पाणी वाहून गेलं, तळाचा पांढरा चुना फरशीवर पसरला. पाय लचकला की हळद-चुन्याचा लाल लेप लावणारी ही माणसं! घरात रोज बघितलेलं भीतीनं विसरली होती.

पोरीला सिस्टरांच्या जीपमधून तडक हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. टायफॉईड निघाला. तीन आठवड्यांनी ती चालत घरी आली. लखमा भिकाबाईच्या दारात माफी मागायला गेला. तिनं दार उघडलं नाही, आणि त्याबद्दल तिला बोल लावायला मी तरी तयार नाही.

मरियममायला जरूर हात जोडा. त्या सिस्टरही रोज जोडतात. पण ताप आला तर दवाखाना गाठा. कोणी चमत्कार दाखवला तर त्यात काय कालवलंय ते विचारा, स्वतः करून बघा. विचारल्यानं देव कोपत नाही. न विचारल्यानं मात्र त्या दिवशी आमच्या हातून एका बाईचा जीव जाणार होता.